बाभळीचं गाव कुणाकडं

उचगावात आमच्या घराची आणि महादेवीअक्कांच्या डंकाची भिंत एकच होती. ज्यांनी डंक पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, ते मिरची कांडायचं यंत्र. दोन लोखंडी मुसळं आळीपाळीनं वर जातात आणि दणादण खाली पडतात. त्या दणक्यानं आमच्या फळीवरचे पितळी डबे दिवसभर बारीक आवाजात किणकिणत असायचे. नवा पावणा दचकून हमखास बशीत चहा सांडायचा. आम्हाला मात्र त्याची इतकी सवय, की वीज गेली आणि डंक थांबला की आई चुलीपुढून विचारायची, "काय झालं गं?" उन्हाळ्यात तर बायका डोक्यावर मिरचीची पोती घेऊन पहाटेपासून नंबर लावायच्या आणि सगळी गल्ली शिंकत राहायची. त्या दिवसांत कुणी रडत असलं तरी कळायचं नाही, कारण सगळ्यांचेच डोळे लाल. हल्ली तिथे मोबाइलचं दुकान आहे, आणि चटणी पाकिटातून येते. तिच्यात काय घालतात देव जाणे, पण शिंक येत नाही.

अक्का निपाणीकडच्या. मराठी खणखणीत बोलायच्या, पण संतापल्या की कानडीत शिरायच्या. मला त्या 'तंगी' म्हणायच्या, म्हणजे धाकटी बहीण. खरं तर मी त्यांच्या मुलीच्या वयाची होते. आमचे आबा फौंड्रीत मोल्डर होते. काळ्या वाळूत साचे बसवायचं काम. घरी आले की मोरीत अर्धा तास खसाखसा अंग घासायचे, तरी कानाच्या पाळीत वाळू राहायचीच. आई मग पदराचं टोक ओलं करून ती पुसायची आणि आबा लहान पोरासारखे मान तिरकी करून उभे राहायचे. आईला अक्षरओळख नव्हती. पण हाताला चव अशी, की हुलग्याचं माडगं, म्हणजे साधं पातळ कढण, केलं तरी शेजारून वाटी यायची. आमच्या घरात आंबोळ्या म्हणजे सण. त्याही आनंदादादा सुट्टीवर आला की मगच. तो नसताना मी मागितल्या तर आई म्हणायची, "त्यो आला की करूया की. एकटीच्या नरड्यात बऱ्या उतरत्यात गं तुज्या." दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. सैन्यात ट्रक चालवायचा. शांत माणूस, हसला की एका बाजूनंच हसायचा. मी मंगल, शेंडेफळ, आणि जिभेला हाड नाही म्हणून गल्लीत नावाजलेली.

मी अकरावीत गेले त्या वर्षी दसरा झाल्यावर दादाची पलटण शांतिसेनेत म्हणून सोमालियाला गेली. अक्कांनी विचारलं, "ते कुठल्या तालुक्यात येतंय?" मी हसून गडबडा लोळले, पण मलाही नकाशात शोधावंच लागलं. तिथं सरकार म्हणून काही उरलेलं नव्हतं. बंदुका घेतलेले वेगवेगळे गट गावं धरून बसलेले, आणि उपाशी माणसांना धान्य पोचवायचं तर त्या गावांतूनच रस्ता जाणार. दादा तो धान्याचा ट्रक चालवायचा. निघताना आईनं कांदा-लसणाच्या चटणीची बरणी दिली आणि म्हणाली, "तिथं भाकरी मिळती काय रं?" दादा म्हणाला, "काय म्हाईत?" पहिल्याच पत्रात त्यानं लिहिलं की तिथं आपल्यासारखाच शाळू पिकतो. आईला ते इतकं आवडलं की ते तेवढं तिनं माझ्याकडून चार वेळा वाचून घेतलं. जिथं जोंधळा पिकतो तिथली माणसं वाईट कशी असतील, असा तिचा हिशोब.

पत्रं मीच वाचायची. आबांना छापील अक्षर लागायचं, हाताचं वाचायला वेळ लागायचा आणि आईला तेवढा दम नसायचा. दादाची आणि माझी एक खूण ठरलेली होती. पत्राच्या शेवटी तो एक आडवी रेघ मारायचा. रेघेच्या वरचं घरासाठी, खालचं फक्त माझ्यासाठी. पोटात दुखलं, एखादा दोस्त तापानं फणफणला, जेवणात किडे निघाले, असलं सगळं रेघेखाली. आईपुढे वाचताना मी रेघेशी आले की थांबायची नाही, चाचरायची नाही. तशीच पुढं "सर्वांना नमस्कार, आईनं काळजी करू नये" असं पदरचं घालून पत्र संपवायची. त्यात माझा हात इतका बसला होता की माझं मलाच कौतुक वाटायचं.

त्या गटांची नावं लांबलचक होती. दादानं लिहिलं, "ह्यांची नावं लिहाय बसलो तर पान संपल, आन् तुला म्हणता येणार न्हाईत ती येणारच न्हाईत. म्हणून मी ह्यांना आपली चिन्हं वाटून टाकल्यात." चिन्हं म्हणजे निवडणुकीतली. एक गट छत्री, एक कपबशी, आणि तिसरा, जो फार लांबून यायचा, तो विमान. गावांनाही त्यानं आपली नावं दिली होती. बंदरापासून निघालं की आधी विहिरीचं गाव, मग बाभळीचं गाव, मग मशिदीचं गाव आणि शेवटी त्यांची छावणी. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तो रस्ता काढला, गावांना गोल केले, आणि ज्या गावात ज्याची सत्ता त्याचं चिन्ह पेन्सिलीनं काढायला लागले. पत्र आलं की खोडायचं आणि नवं काढायचं. विहिरीचं गाव बहुतेक कपबशीकडं असायचं. बाभळीच्या गावाचं मात्र काही खरं नव्हतं. तिथं इतक्यांदा खोडलं की कागद विरून पलीकडची भिंत दिसायला लागली.

हा कागद चुलीशेजारच्या भिंतीवर होता, आणि तो बघायला माणसं यायची. आता हे लिहिताना लाज वाटते, पण खरं तेच सांगते. आम्हाला त्यात मजा वाटायची. आबांचं मूळ गाव कोडोलीच्या पुढं. तिथल्या सोसायटीची निवडणूक आली की आबा फौंड्रीत रजा टाकून आठ दिवस गावी जाऊन बसायचे. काल छत्रीच्या जीपमध्ये बसलेला माणूस आज कपबशीचा गुलाल लावून फिरतो, सख्खे भाऊ दोन गटांत, एकमेकांच्या दारात शिव्या, क्वचित डोकीही फुटायची. पण निकाल लागला की लागला. पाच वर्षं कपबशी तर कपबशी. हरलेला चार दिवस घरात बसायचा, मग जिंकलेल्याच्याच कट्ट्यावर येऊन चहा प्यायचा. गटांची लढाई म्हणजे आम्हाला ठाऊक होती ती ही. त्यामुळे फौंड्रीतले लोक सुट्टीच्या दिवशी कागदापुढं उभे राहून तावातावानं बोलायचे. "छत्रीचं आता न्हाय जमत. दोन्ही बाजूला कपबशी, मधी एकटं गाव कसं टिकल?" "अवो, विमानवाला पाठिंबा दील की त्येला!" आबा कौतुकानं माझ्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "विचारा आमच्या मंगलला. तिला सगळं पाठ हाय." मग मी कंबरेवर हात ठेवून सगळं समजावून सांगायची. सतरा वर्षांची मी, आणि पन्नाशीची माणसं माझं तोंड बघत उभी. असं माझ्या आयुष्यात त्याआधी कधी झालं नव्हतं.

आदल्या वर्षी आई फार आजारी होती. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, जखम चिघळली, सरकारी दवाखान्यात तिनं दीड महिना काढला. एका सकाळी डॉक्टरांनी आबांना बाजूला घेऊन नातेवाइकांना कळवा म्हणून सांगितलं होतं. त्यातून ती उठली. त्या दिवसांत अक्कांनी मला एक गोष्ट बजावून ठेवली होती. घरात अभद्र बोलायचं नाही, लिहायचं तर नाहीच. वास्तू ऐकत असते आणि तथास्तु म्हणते. मी कॉलेजात विज्ञान शिकत होते, पण ह्या बाबतीत माझं शिक्षण काही कामाचं नव्हतं. आई बरी होऊन घरी आली तेव्हापासून 'मरण' हा शब्दसुद्धा मी घरात उच्चारला नव्हता. "भूक लागून मेले" असं म्हणायची माझी सवय होती, तीही सोडून दिली.

फाल्गुनाच्या अखेरीला पत्र आलं. वरचा भाग नेहमीसारखा. आईनं तो दोनदा ऐकला आणि भाकरी थापायला गेली. रेघेखालचं मी परसात, दगडावर बसून वाचलं. ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं.

"मंगल, बाभळीच्या गावात रस्त्याला आडवी दोरी बांधून एक गडी बसतो. उंच हाय, दाढीला मेंदी लावतो. छत्रीतला. मागल्या आठवड्यात त्यानं मला बोलावून उंटाचं दूध पाजलं, खांद्यावर हात ठेवला. काल त्यानंच माझ्या छातीला बंदूक लावली. गडी तोच गं, आता कपबशीत गेलाय. मी हसलो, ओळख दिली, तर ओळखंना. सकाळी जाताना गाव एकाचं आन् येताना दुसऱ्याचं, असं चाललंय. मला भ्या वाटाय लागलंय. हे कुणालाच बोललो न्हाय. पुढच्या महिन्याच्या शेवटाला आपल्या सैन्याचं एक विमान माघारी चाललंय, घरी अडचण असलेल्या चार-पाच जणांना त्यातनं सोडणार हाईत. मी नाव देऊन ठेवलंय. तू 'आई सीरियस' अशी तार कर. आबांना सांगू नकोस, ते खोटं करू द्यायचे न्हाईत. एवढं कर बाई. तुला कवाच काय मागितलं न्हाय."

पुढं काही नव्हतं. सहीसुद्धा नव्हती.

तीन दिवस मी ते पत्र पोलक्यात घेऊन फिरले. तारेचा कागद पोस्टातून आणला, कॉलेजच्या बाकावर बसून भरायला घेतला. 'मदर' लिहिलं आणि पुढचा शब्द लिहायला हात उठेना. डोळ्यापुढं दवाखान्यातली आई यायची, सुजलेली, ओळखू न येणारी. माझ्या हातानं मी तिला परत त्या खाटेवर नेऊन ठेवू? कागद फाडून टाकला. मग घरी येऊन भिंतीवरच्या कागदापुढं उभी राहिले आणि जे मला 'समजत' होतं ते सगळं वापरलं. बाभळीचं गाव कपबशीकडं गेलं, म्हणजे आता बंदरापासून छावणीपर्यंत सलग कपबशी. हे तर चांगलंच झालं. आणि तो मेंदीवाला? तो नवा फुटून आलेला. गावच्या निवडणुकीत नव्यानं फुटून आलेला माणूस सुरुवातीला सगळ्यांत जास्त ओरडतो, जुन्या दोस्ताला ओळख दाखवत नाही, नाहीतर नव्या गटाचा विश्वास कसा बसणार? महिन्याभरात तो निवळतो. हे मी आबांबरोबर जाऊन डोळ्यांनी बघितलं होतं. दादाला राजकारण कळत नाही, मला कळतं, असं मी ठरवून टाकलं.

हे दोन मुद्दे मी पुढं कैक वर्षं स्वतःला सांगत आले. आईसाठी भ्याले, आणि अडाणी होते. दोन्ही खरे आहेत. पण आता पन्नाशी गाठल्यावर तिसराही लिहून टाकते. दादा परत आला असता तर पत्रं थांबली असती. भिंतीवरचा कागद निघाला असता, सुट्टीच्या दिवशी कुणी मला काही विचारायला आलं नसतं, आणि मी पुन्हा चुलीपुढं फुंकणी घेऊन बसलेली मंगल झाले असते. हे मी त्या वेळी स्वतःशीही बोलले नव्हते. पण मनाच्या तळाशी ते होतं, आणि ते होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी तार केली नाही. पत्र लिहिलं, नाही म्हणून कळवलं, वर त्याची थट्टा केली. टाकलं आणि हलकं वाटलं.

वैशाखात आईनं वर्षाची चटणी घातली. संकेश्वरी मिरची, थोडी ब्याडगी, खोबरं-तीळ भाजून घेतलेले. दादाच्या वाटणीची मिरची जास्त घेतली होती, कारण येताना त्याच्याबरोबर दोन दोस्त येतील असं तिला वाटत होतं. दुपारची वेळ. आई डंकापुढं उकिडवी बसून मुसळाखालची मिरची हातानं सारत होती, तोंडावर पदर बांधलेला. मी चाळणी धरली होती. तेवढ्यात दारात जीप थांबली. सैन्यातले एक साहेब, बरोबर पोलीस पाटील, आणि मागं फौंड्रीतून तसेच उठवून आणलेले आबा, हात वाळूनं काळे. डंकाच्या आवाजात साहेब काय बोलले ते ऐकूच आलं नाही. त्यांचे ओठ हलले. आबांनी चौकटीला धरलं. अक्कांनी खटका बंद केला, आणि त्या शांततेत आई माझ्याकडं बघून म्हणाली, "काय झालं गं?"

मी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनी सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि त्या मिरचीच्या हातांनीच डोळे पुसले. मग तिला आग सहन होईना, तिला काही दिसेना, आणि ती आंधळ्यासारखी हात पुढं करून "आनंदा कुठं हाय? आनंदा कुठं हाय?" करत डंकाच्या खोलीत फिरायला लागली. अक्का तिच्यामागं पाण्याची कळशी घेऊन, कानडीत आईला हाक मारतात तसं, "यवा! यवा!" करत. त्या दोघींचं ते फिरणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी चाळणी धरून उभीच होते.

पेटी आली, बंद. पंचगंगेच्या काठी बंदुकीच्या फैरी झाल्या. लोकांनी घोषणा दिल्या. त्यातलं मला फार आठवत नाही. आठवतं ते दीड महिन्यानंतरचं. दत्ता म्हणून दादाचा दोस्त, कागलकडचा, ट्रंक घेऊन आला. आईनं त्याला पाटावर बसवून जेवू घातलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तो गिळत होता की नुसता घास फिरवत होता, कळत नव्हतं. आबांनी विचारलं तेव्हा त्यानं मान खाली घालून सांगितलं, "सकाळी जाताना बाभळीचं गाव कपबशीवाल्यांचं हुतं. आमी सगळीच तसंच म्हणायचो, आनंदानं नावं ठेवलीती ना. दुपारी परत येताना छत्रीवाले घुसले. दोघांची जुंपली आन् आमच्या गाड्या मधी घावल्या. त्याची पयली हुती." मग खिशातून घडी केलेला कागद काढून आईच्या हातात दिला. "हे त्याच्या वरच्या खिशात हुतं. शेवटचं पत्र आलेलं."

माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं.

दत्ताला एस.टी.पर्यंत सोडायला मी गेले. घरात विचारायचं धाडस नव्हतं, वाटेत त्याला विचारलं, माझं पत्र वाचून दादा काय म्हणाला. तो म्हणाला, "वाचून हसला की. मोठ्यांदा. म्हणला, आमची मंगल लई शहाणी हाय, ती म्हणती राहा, तर राहाय पायजे. आन् जाऊन विमानाच्या यादीतनं नाव काढून आला." पुढं त्याला काय वाटलं कोण जाणे. माझ्या तोंडाकडं बघून तो घाईनं म्हणाला, "ताई, तुमी कशाला वाईट वाटून घेतायसा? तुमाला काय ठावं?" गाडी आली, तो गेला. मला सगळं ठावं होतं. त्यानं कळवलं होतं, स्वतःच्या हातानं, की मला भ्या वाटतंय.

घरी आले तर आई पत्र मांडीवर घेऊन बसलेली. "वाच," ती म्हणाली. "काय लिवलंतीस त्याला?"

मी वाचलं. कागद हातात धरला, ओळींवरून डोळे फिरवले, आणि तोंडानं दुसरंच बोलले. "दादा, तुझी लई आठवण येती. आई रोज तुझ्या नावाची एक भाकरी जास्त थापती. आंबोळ्याचं पीठ दळून ठेवलंय. जमलं तर लौकर ये. आम्ही सगळी वाट बघतोय." कुठं अडखळले नाही. हात बसलेला होता. आई ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर, तेवढ्या दुःखातही, थोडं बरं वाटल्यासारखं आलं. ती म्हणाली, "एवढं बोलावल्यालं कळलं त्याला. बरं झालं. न्हायतर म्हणला असता, घरच्यांना माजी काळजी न्हाय."

त्या वर्षीच्या भाऊबीजेला, भाऊ नसलेल्या बहिणी ओवाळतात तसं, आईनं मला अंगणात चंद्राला ओवाळायला लावलं. ओवाळून झाल्यावर देव्हाऱ्यातून ते पत्र काढून माझ्या हातात दिलं. तेव्हापासून दर भाऊबीजेला तेच. लग्न होऊन मी सांगलीला गेले, मुलं झाली, शाळेत नोकरी केली, पण त्या दिवशी कुठूनही उचगावला यायची. कधी एखादं वाक्य मागंपुढं झालं तर आई थांबवायची. "पिठाचं राहिलं की गं. आंबोळ्याचं." तिला पाठ होतं. मी न लिहिलेलं पत्र माझ्या आईला तोंडपाठ होतं, आणि चुकलं तर ती मला दुरुस्त करायची.

आबा त्या वेळी ओसरीवर बसून असायचे. मला वाटायचं, त्यांना लांबून नीट ऐकू जात नसेल, फौंड्रीनं कान गेलेले. एका वर्षी माझी गाडी वाटेत बंद पडली आणि मला पोचायला उशीर झाला. मी दारात चप्पल काढत होते, तेव्हा आतून आईचा आवाज आला. ती अक्कांच्या नातीला सांगत होती, "तू वाच बाळ, तुला येतंय न्हवं वाचाय." मुलीनं घडी उलगडली असावी, कारण आबा एवढ्या जोरानं ओरडले की मी दारातच थिजले. "ठेव ते खाली! मंगलच वाचल. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय त्येला." आबांनी त्या मुलीवर आवाज चढवलेला कुणी कधी ऐकला नव्हता. ती बिचारी रडायला लागली. मी आत गेले तर आबांनी माझ्याकडं एकदाच बघितलं आणि मान वळवली. हाताचं अक्षर वाचायला त्यांना वेळ लागायचा. पण त्यांच्याकडं वेळ होता, वर्षंच्या वर्षं होती, आणि पत्र देव्हाऱ्यातच असायचं. कधी वाचलं त्यांनी, पहिल्या वर्षी की दहाव्या, मला माहीत नाही. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी मी पाय चेपत होते, तेव्हा नुसतं म्हणाले, "आईला जप. आन् वाचत जा." मी पायावर डोकं ठेवून रडले. त्यांनी का रडतेस म्हणून विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्यात आई गेली. पिकलं पान म्हणून सगळ्यांनी माझं सांत्वन केलं. तिला न्यायच्या आधी जमलेल्या बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, तिच्या जिवाचं जे काय असेल ते बरोबर द्या. अक्कांच्या नातीनं, आता तिचीही मुलं शाळेत आहेत, देव्हाऱ्यातून पत्र आणलं आणि माझ्या हातात दिलं. "आत्या, शेवटचं वाचा की. ऐकत असंल ती." घरभर माणसं होती. मला वाटलं, आता वाचावं. जे लिहिलं आहे ते. आता तिला काही होणार नाही, आणि ह्या सगळ्यांना कळलं तर कळू दे, मी तरी एकदा मोकळी होईन. मी घडी उलगडली. शाई उडाली होती, तरी वाचता येत होतं. "प्रिय दादा," एवढं वाचलं. आणि पुढं माझ्या तोंडून आलं, "तुझी लई आठवण येती. आई रोज तुझ्या नावाची एक भाकरी जास्त थापती." मला थांबताच येईना. आंबोळ्यांच्या पिठासकट सगळं म्हणून झालं. बायका हुंदके देत होत्या. मी पत्र आईच्या हाताखाली ठेवलं, आणि ते तिच्याबरोबर गेलं.

आता त्या कागदावर काय होतं हे जगात फक्त मला माहीत आहे. मीही काही कायमची नाही. दादा स्वतःच्या मनानं तिथं राहिला, असं कुणी समजू नये. त्याला यायचं होतं. म्हणून जे लिहिलं होतं ते इथं उतरवून ठेवते. एक शब्द मागंपुढं केलेला नाही.

"प्रिय दादा, तुझं पत्र पोचलं. आईला आजारी पाडायचं माझ्याच्यानं होणार नाही, तसलं अभद्र मला पुन्हा सांगू नकोस. आणि भितोस काय रे एवढा? सैन्यात गेलायस का भातुकली खेळायला? अक्काला सांगितलं तर डंक बंद करून हसत बसेल. तो मेंदीवाला नवा फुटलेला आहे, महिन्यात सरळ येतो की नाही बघ. मला कळतं यातलं. इथं सगळं बरं आहे, तुझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही. राहिलेले चार महिने काढ आणि सगळ्यांबरोबर ये. घाई करू नकोस. तुझी, मंगल."